कोवळ्या कलमांना तणनाशक लागलं तर काय करावं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नव्या बागायतदारांसाठी

आंबा, काजू, पेरू किंवा डाळिंबाची नवी बाग लावली की पहिल्याच पावसाळ्यात आळ्यातलं गवत कलमाच्या वर जातं. भांगलणीला बायका मिळत नाहीत. मिळाल्या तर त्याच आठवड्यात भातलावण, रताळी, सोयाबीन अशी सगळ्यांची कामं एकदम आलेली असतात. मग दुकानातून गवत मारायचं औषध येतं, पंप पाठीवर चढतो आणि दोन तासांत रान साफ होतं. पुढच्या पंधरवड्यात एखादी ओळ पिवळी पडते, शेंडे वळतात, आणि मालक खत कमी पडलं म्हणून युरिया टाकतो. आपल्या भागात अशी बरीच कलमं वाया जातात. त्यातली निम्मी तरी वेळीच ओळखलं असतं तर जगली असती, असं माझं ठाम मत आहे. म्हणून ओळखायचं कसं, त्या दिवशी करायचं काय आणि नंतर थांबायचं किती, हे इथे क्रमाने सांगतो.

कोवळं झाड इतकं नाजूक का

दहा वर्षांच्या आंब्याच्या बुंध्याला जाड, खडबडीत, तपकिरी साल असते. तिच्यातून औषध आत जायला अवघड. दोन वर्षांच्या कलमाची साल मात्र हिरवी असते, आणि हिरवी साल पानासारखीच औषध शोषून घेते. त्यात फांद्या खाली, नेमक्या फवाऱ्याच्या उंचीला. मुळं उथळ, म्हणजे मातीत पडलेलं औषध पहिल्याच पावसात त्यांच्यापर्यंत पोचतं. पानं मोजकी, त्यामुळे चार पानं गेली तरी झाडाची निम्मी ताकद जाते. साल तपकिरी होईपर्यंत, म्हणजे साधारण पहिली तीन वर्षं, आळ्यात तणनाशक मारूच नये. हा एक नियम पाळलात तर पुढचं बरंचसं वाचायची वेळ येणार नाही.

पहिली पायरी: हात लावायच्या आधी बाग फिरून बघा

झाड बिघडलेलं दिसलं की लगेच छाटू नका, खत टाकू नका, दुसरं काही फवारू नका. आधी पूर्ण बाग फिरा आणि तीन गोष्टी बघा.

एक, बिघाड रानात कुठे आहे? तणनाशकाचा बिघाड बहुतेक वेळा रेघ ओढल्यासारखा असतो: बांधाकडच्या दोन ओळी जास्त, आत जाल तसा कमी. किंवा पंपवाला जिथे वळला, थांबला, तिथली झाडं जास्त. किंवा पाणी वाहून साचतं त्या खोलगट कोपऱ्यातली. रोग आणि कीड अशी सरळ रेघ धरत नाहीत.

दोन, झाडावर कुठे आहे? फक्त खालची पानं, फक्त वाऱ्याकडची बाजू, फक्त शेंडे की सगळं झाड?

तीन, शेजारची दुसरी झाडं काय सांगतात? बांधावरचा घेवडा, परसातला टोमॅटो, शेजारचा कापूस, रताळ्याचे वेल, गाजरगवत. या रुंद पानांच्या झाडांवरही तसाच पीळ दिसत असेल तर कारण हवेतून आलंय, हे जवळजवळ नक्की.

मोबाइलवर फोटो काढा. पूर्ण ओळीचा एक, झाडाचा एक, पानाचा जवळून एक. तारीख राहू द्या. पुढे कामाला येतात.

दुसरी पायरी: कोणतं औषध, ते पानावरून वाचा

इथे थोडा वेळ द्या, कारण उपाय औषधावर ठरतो.

*पॅराक्वाट.* हे लागेल तिथे जाळतं. कडक ऊन असेल तर दुसऱ्या दिवशीच पानावर करपल्यासारखे ठिपके, डाग, नाहीतर अख्खं पान वाळलेलं दिसतं. झाडात फारसं फिरत नाही. नवी पालवी स्वच्छ येते, आणि हीच ओळख. धोका हिरव्या सालीला. बुंध्याभोवती पूर्ण वेढा जळला तर वरचं कलम मरतं. झाडापेक्षा माणसाला हे औषध फार घातक आहे. पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. चोंदलेलं नोझल तोंडाने फुंकायची सवय कित्येकांना आहे. ती आजच सोडा.

*टू-फोर-डी.* ऊस आणि मका आपल्याकडे सगळीकडे, आणि त्यातलं रुंद पानांचं तण मारायला हेच वापरतात. उसाला काही होत नाही, कारण ते गवताच्या जातीचं पीक. रुंद पानांच्या झाडात मात्र हे वाढीच्या संप्रेरकासारखं काम करतं आणि वाढीची दिशाच बिघडवतं. एक-दोन दिवसांत शेंडे खाली वाकतात, देठ पिळवटतात, नवी पानं वाटीसारखी वळतात. अथणीकडच्या द्राक्षवाल्यांना हे चांगलं माहीत आहे. द्राक्षाचं पान अरुंद होतं, शिरा जाड आणि जवळजवळ समांतर होतात, कडेचे दाते टोकदार होऊन पान पंख्यासारखं दिसतं. द्राक्ष या औषधाला इतकं हळवं आहे की लांबच्या रानातून आलेला अंशही पुरतो. याचा ईथाइल ईस्टर प्रकार तर फवारून झाल्यावरही वाफ होऊन उठतो आणि उन्हात पुढच्या रानात जातो. याचाच दुसरा प्रकार, अमाइन सॉल्ट, त्या मानाने कमी उडतो.

*ग्लायफोसेट.* हे सगळ्यात फसवं. पानातून किंवा हिरव्या सालीतून आत जातं, अन्नरसाबरोबर फिरतं आणि जिथे वाढ चालू आहे तिथे, शेंड्यात आणि मुळांच्या टोकाला, जाऊन बसतं. झाडाला लागणारी काही अमिनो आम्लं बनवायची वाटच ते बंद करतं. आठवडा-दोन आठवडे काही दिसत नाही. मग शेंडा पिवळा, फिकट. नवी पानं बांबूच्या पानासारखी अरुंद, लांब, कडक. पेरं आखूड होऊन एकाच ठिकाणी झाडूसारखा पुंजका. पावसाळ्याच्या शेवटी मारलेलं औषध कधी कधी थेट जानेवारी-फेब्रुवारीच्या पालवीत दिसतं. तोवर मालक फवारणी विसरलेला असतो आणि दोष रोपवाटिकेवर जातो. दोन वर्षांच्या हापूसवर हा पुंजका एकदा नीट बघून ठेवा. खालची जुनी पानं गर्द हिरवी, निरोगी, आणि टोकाला मात्र बोटाएवढ्या जागेत दाटलेली दहा-बारा बारीक पानं, कडा किंचित वर वळलेल्या. एकदा पाहिलं की पुन्हा चुकत नाही.

या औषधाची आणखी एक वाट आहे. डाळिंब, पेरू यांना बुंध्यातून फुटवे येतात. फुटव्यावर ग्लायफोसेट मारलं तर ते मूळ झाडातच उतरतं. फुटवे हातानेच काढायचे. आणि कायद्याचंही लक्षात घ्या: केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण चालकांपुरता, म्हणजे अशा फवारणीचा परवाना असलेल्या लोकांपुरता, मर्यादित केला आहे. दुकानदार सहज हातात देतो म्हणून ते फळबागेला चालतं असं समजू नका.

*ॲट्राझिन, मेट्रिब्युझिन, डाययुरॉन.* ऊस-मक्याच्या रानात लावणीनंतर जमिनीवर मारतात ती ही. मुळातून वर चढतात, म्हणून बिघाड आधी जुन्या, खालच्या पानांवर: कडा आणि शिरांमधला भाग पिवळा, मग कडेने करपत आत. डाययुरॉनमध्ये उलट शिराच पिवळ्या पडतात. टू-फोर-डी मातीत काही आठवड्यांत संपतं. ही मात्र महिनोन्महिने राहतात. गेल्या हंगामात ऊस होता आणि खोडवा मोडून लगेच कलमं लावली, तर हा धोका लक्षात ठेवाच. खानापूरकडच्या तांबड्या, निचऱ्याच्या मातीत पावसाबरोबर ती लवकर मुळांपर्यंत उतरतात. चिकोडी, रायबागच्या काळ्या रानात ती धरून राहतात आणि पाण्याबरोबर सखल कोपऱ्यात जमतात.

तिसरी पायरी: भलत्यालाच दोष देत नाही ना, ते तपासा

जस्त कमी पडलं तरी पानं बारीक होतात आणि शेंड्याला पुंजका येतो, अगदी ग्लायफोसेटसारखा. फरक असा की जस्ताची कमतरता बागेत पसरलेली असते आणि हळूहळू वाढत गेलेली असते, पंपाची वाट धरत नाही. काळ्या चुनखडीच्या रानात लोह मिळालं नाही की नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात. ॲट्राझिनमध्ये जुनी पानं आधी जातात, एवढं बघितलं तरी पुरतं. काजूवर ढेकण्या म्हणजे टी मॉस्किटो लागला तर कोवळा कोंब काळा पडून वाळतो, पण देठावर त्याने टोचलेल्या जागेचे लांबट काळे डाग दिसतात. पपईचा विषाणू आणि टू-फोर-डी यांत अनुभवी माणूसही गोंधळतो. तिथे शेजारचं तण बघा. तणही पिळलंय का?

तरीही कळलं नाही तर अंदाजावर औषध आणू नका. बिघडलेली आणि चांगली, अशा दोन्ही फांद्या कागदात गुंडाळून अरभावीच्या बागायत महाविद्यालयात, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुक्याच्या बागायत खात्यात दाखवा. काय, कधी, कोणत्या रानात मारलं, ते एका कागदावर लिहून न्या. तिथले बरेच लोक कन्नडमध्ये बोलतील. त्यासाठी अडून राहू नका. औषधाचा डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो बरोबर असला की निम्मं बोलणं तिथेच होतं.

चौथी पायरी: त्याच दिवशी कळलं तर

फवारताना कलमावर उडालेलं दिसलं, तर ते वाळायच्या आत स्वच्छ पाण्याने झाड धुवा. पाणी वरून खाली, भरपूर. पॅराक्वाट अर्ध्या तासात पानात शिरतं, तिथे फार हाताशी राहत नाही. ग्लायफोसेटला काही तास लागतात, तिथे धुण्याने खरंच फरक पडतो. एखाद्याच खालच्या फांदीवर पडलं असेल तर ती फांदी त्याच दिवशी मुळाशी कापून बागेबाहेर टाका. दोन-तीन दिवसांनी कापून उपयोग नाही, औषध तोवर झाडात उतरलेलं असतं.

डबा किंवा पंप आळ्यात सांडला असेल तर तिथे पाणी ओतू नका. वरची ओली माती खोऱ्याने उचलून बागेबाहेर, विहीर-ओढ्यापासून लांब न्या. हातमोजे घाला.

पाचवी पायरी: नंतरचे दिवस

माणसाचा हात इथेच आवरत नाही, म्हणून आधी काय करायचं नाही ते सांगतो. युरिया नको. जखमी झाडाला जबरदस्तीने नवी पालवी फुटली तर तीही तशीच वाकडी येते आणि साठवलेली ताकद संपते. दुकानातलं टॉनिक नको. झाडात शिरलेलं तणनाशक बाहेर काढणारं टॉनिक नसतं. आणि मोठी छाटणी नको, कारण कोणती फांदी मेली आणि कोणती थांबली आहे हे आत्ता कळत नाही.

करायचं ते इतकंच: पाणी थोडं थोडं, नियमित. आळ्यात पाचट, पेंढा किंवा पाल्याचं आच्छादन, पण बुंध्यापासून वीतभर लांब. साल तडकली असेल तर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, म्हणजे तिथून बुरशी शिरत नाही. उन्हाळा असेल तर पश्चिमेकडून चार काटक्या रोवून त्यावर झावळी टाका.

तीन-चार आठवड्यांनी नखाने साल हलकी खरवडून बघा. टोकापासून सुरू करा आणि खाली या. आत हिरवं, ओलं दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडं लागलं तर मेली. जिथे हिरवं सुरू होतं त्याच्या थोडं खाली, डोळ्याच्या वर छाटा.

मातीतून आलेल्या औषधाला, म्हणजे ॲट्राझिन-डाययुरॉनला, वेगळा उपाय. चांगलं कुजलेलं शेणखत आळ्यात मिसळा. सेंद्रिय माल औषध धरून ठेवतो आणि मातीतले जिवाणू ते संपवतात. सक्रिय कोळशाची (ॲक्टिव्हेटेड चारकोल) पूड मिळाली तर ती अधिक चांगली, चुलीचा कोळसा तेवढा कामाचा नाही. ग्लायफोसेटसाठी मात्र हे करायची गरज नसते, मातीत पडलं की ते मातीच्या कणांना घट्ट चिकटतं आणि मुळातून फारसं जात नाही.

सहावी पायरी: ठेवायचं की उपटायचं

इथे घाई सगळ्यात महागात पडते. पॅराक्वाटने भाजलेलं कलम पुढच्या पालवीला सावरतं. टू-फोर-डीचा हलका झटका असेल तर वाकडी पानं तशीच राहतात, सरळ होत नाहीत, पण त्यांच्यावरून येणारी पालवी नीट दिसली की झाड सुटलं. ग्लायफोसेटमध्ये मी निदान दोन पालव्या बघायला सांगेन. पहिली खराब, दुसरी थोडी बरी असेल तर ठेवा. दुसरीही झाडूसारखीच आली तर ते झाड पुढे फळाला येईपर्यंत मागेच राहणार.

कलमाचा जोड कुठे आहे ते नेहमी बघा. वरचा हापूस मेला आणि जोडाच्या खालून जोमदार फुटवा आला, तर मालक खूश होतो. तो फुटवा खुंटाचा असतो, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्या रायवळ आंब्याचा. काजूतही वेंगुर्ला जातीचं कलम मरून खालून गावठी काजू वर येतो. खुंट जोमदार असेल तर त्यावरच पुन्हा कलम बांधून घेता येतं आणि वाढलेली मुळं वाया जात नाहीत. नाहीतर नवं कलम लावा.

पण नवं लावायच्या आधी माती तपासा, आणि ही तपासणी घरी होते. संशयाच्या आळ्यातली माती दोन डब्यांत, लांबच्या स्वच्छ जागेतली माती दुसऱ्या दोन डब्यांत. चौघांत काकडी आणि घेवड्याचं बी टोका, सारखं पाणी द्या, तीन आठवडे उन्हात ठेवा. संशयाच्या मातीतली रोपं पिवळी, करपलेली किंवा वाकडी आली तर त्या जागी हंगामभर कलम नको. तिथे ज्वारी-मक्यासारखं पीक घ्या. चारही डबे सारखे आले तर लावा.

शेजाऱ्याच्या रानातून आलं असेल तर

भांडायला जाऊ नका, विचारायला जा. "दादा, परवा उसात काय मारलं होतं? माझ्या पोरांनी डब्याचा फोटो काढला तर चालेल का?" एवढं विचारलं की बहुतेक वेळा औषधाचं नाव कळतं, आणि उपायासाठी तेच हवं असतं. नुकसान मोठं असेल तर फोटो, औषधाचं नाव, फवारणीची तारीख आणि वाऱ्याची दिशा लिहून रयत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयात) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज कन्नडमध्ये लिहून दिला तर लवकर हलतो, हे सीमाभागात राहणाऱ्याला सांगायला नको. स्वतः आणलेल्या औषधाचं पक्कं बिल ठेवा. कीटकनाशक कायदा, १९६८ तणनाशकांनाही लागू आहे. बिल नसेल तर तक्रारीला आधारच उरत नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा. म्हणजे तुमची बाग उसाच्या पूर्वेला असेल तर जून ते सप्टेंबर तुम्ही वाऱ्याच्या वाटेत आहात. द्राक्षवाल्यांना ऑक्टोबर छाटणीनंतरचे आठवडे जपायचे, कारण कोवळी फूट तेव्हाच असते आणि आसपास पूर्वहंगामी ऊस, मका यांची फवारणीही तेव्हाच चालते. शेजाऱ्याला आपल्या छाटणीची तारीख आधीच सांगून ठेवा. बांधावर शेवरी, गिरिपुष्प दाट लावलं तर उडत आलेले थेंब बरेच अडतात.

पहिली तीन वर्षं गवताचं काय करायचं

आळ्यात खुरपं. पावसाळ्यात दोन भांगलणी आणि वर जाड आच्छादन केलं तर काम निम्म्यावर येतं. चिकोडी-निपाणीकडे उसाचं पाचट फुकट मिळतं, खानापूरकडे भाताचा पेंढा आणि पाला. नुकतंच तणनाशक मारलेल्या रानातलं गवत किंवा पाला मात्र आच्छादनाला आणू नका. ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यात भुईमूग, चवळी, सोयाबीन किंवा हुलगे घ्या. रान झाकलं जातं आणि पहिल्या वर्षांत थोडं उत्पन्नही येतं. ब्रश कटर वापरत असाल तर बुंध्यापासून हातभर लांबच थांबा. नायलॉनची दोरी कोवळी साल एका फेरीत सोलते, आणि सोललेल्या सालीतून औषध सगळ्यात सहज शिरतं.

ओळींच्या मधे हरळी, लव्हाळा, कुंदा हाताबाहेर गेला आणि फवारायचंच ठरलं, तर त्या पिकाला ज्याची शिफारस आहे तेच औषध लेबल वाचून आणा. प्रत्येक बुंध्याभोवती पुठ्ठा किंवा जाड कागद हातभर उंच गुंडाळा. नोझलला हूड (थेंब उडू न देणारी टोपी) लावा, दाब कमी ठेवा, नोझल गुडघ्याच्या खाली. सकाळी, पान जेमतेम हलेल इतक्या वाऱ्यात फवारा. अगदी पडलेल्या संध्याकाळी नको, तेव्हा बारीक थेंब जमिनीलगत तरंगत राहतात आणि भलतीकडे जातात. मजूर लावला असेल तर पहिल्या ओळीला स्वतः बरोबर चाला.

आणि तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. त्यावर लाल रंगाचा पट्टा मारा, म्हणजे घरातल्या कुणीही चुकून त्यातून बुरशीनाशक मारणार नाही. टू-फोर-डीचा राहिलेला अंश पुढच्या फवारणीत द्राक्ष, टोमॅटो, घेवडा बिघडवायला पुरतो. एकच पंप असेल तर तीन वेळा साध्या पाण्याने धुवा, मग धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी ते नळी आणि नोझलमधून पूर्ण सोडा आणि पुन्हा दोनदा धुवा. हे पाणी विहिरीच्या, ओढ्याच्या किंवा कलमांच्या आळ्याच्या बाजूला सांडू नका. वॉशर आणि गाळणी काढून वेगळी धुवा, अंश तिथेच राहतो.